पडदा मोठा झाला, मूल बोलतं झालं का?

सोलापूर शहर आणि जिल्ह्यात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.

नमस्कार. मला विषय दिलाय, इंग्रजी शिकवण्यासाठी डिजिटल साधनं. साधनांची यादी तुम्हाला यूट्यूबवर कुठेही मिळेल, म्हणून ती मी वाचून दाखवणार नाही. त्याऐवजी एक हिशेब मांडते.

वर्गात ६० मुलं. तास ३५ मिनिटांचा. हजेरी, वह्या काढणं, गलका शांत होणं यात पाच मिनिटं जातात. उरतात ३०. समजा शिक्षकाने तोंडातून अक्षर काढलं नाही आणि सगळाच्या सगळा वेळ मुलांना देऊन टाकला, तरी एका मुलाच्या वाट्याला ३० सेकंद येतात. आता खरं सांगा, आपण गप्प बसतो का? तासभर आपणच बोलतो. मुलं 'येस मॅडम' म्हणतात, फळ्यावरचं उतरवून घेतात, धडा एका सुरात वाचतात. आपल्याकडे मुलगी दहावी होते, इंग्रजीत बऱ्यापैकी गुण पाडते, आणि तिने दहा वर्षांत स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत मोठ्याने म्हटलेलं नसतं. पुढे पदवी घेऊन ती पुण्याला मुलाखतीला जाते आणि 'स्वतःबद्दल सांगा' या पहिल्याच प्रश्नाला घशाला कोरड पडते. त्यात तिचा काय दोष? तिला कुणी बोलूच दिलेलं नव्हतं.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असायचं. म्हणजे पंचवीस वर्षं होऊन गेली. या पंचवीस वर्षांत आपल्या शाळांत टीव्ही आले, संगणक कक्ष आले, प्रोजेक्टर आले, स्मार्ट बोर्ड आले. गावाने वर्गणी काढून बसवलेले डिजिटल वर्ग आपल्या जिल्ह्यात कितीतरी आहेत, आणि त्यामागची गावकऱ्यांची तळमळ मी पाहिलेली आहे. पण मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाहते तेव्हा मला दिसतं ते असं: पूर्वी मूल फळ्याकडे बघत गप्प बसायचं, आता पडद्याकडे बघत गप्प बसतं. पडद्यावरचा ससा इंग्रजीत बोलतो, बाई इंग्रजीत बोलतात, मूल ऐकतं. ३० सेकंदांचा हिशेब जिथल्या तिथे.

म्हणून कुठलंही साधन हातात आलं की मी एकच गोष्ट बघते. या साधनामुळे मुलाचं तोंड किती वेळ उघडलं? तेवढ्यावर मी ते साधन ठेवते किंवा बाजूला सारते. ॲनिमेशन सुंदर आहे, गुण आपोआप मोजले जातात, प्रमाणपत्र मिळतं, हे सगळं नंतर.

हे मी काही नवीन सांगत नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतात एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला मिळाला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचला. त्यात कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते, म्हणजे आपल्या अगदी शेजारचे. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्या काळात खेड्यातल्या मुलांनी उपग्रहावरून आलेला धडा पाहिला, ही साधी गोष्ट नव्हे. वर्ष संपलं, उपग्रह परत घेतला गेला. आपल्या शास्त्रज्ञांना त्या वर्षातून पुष्कळ मिळालं, पुढचे आपले उपग्रह त्या अनुभवावर उभे राहिले. पण वर्गाच्या बाजूने पाहिलं तर दोन गोष्टी दिसतात. एक, टीव्ही बोलत होता आणि मूल ऐकत होतं. दुसरी, साधन उसनं होतं. पेरू देशाने पुढे मुलांना लाखोंनी छोटे लॅपटॉप वाटले, त्यावर अभ्यासही झाले, आणि गणितात वा भाषेत मुलांची म्हणावी अशी प्रगती दिसली नाही. यंत्र दिलं, पण त्याचं करायचं काय हे शिक्षकाच्या हातात कुणी दिलं नाही.

आता आपल्या मुलांकडे येऊ, कारण सोलापूरचं मूल हे वेगळंच प्रकरण आहे आणि त्याचा आपण पुरेसा विचार करत नाही.

शहराच्या पूर्व भागातलं पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजाच्या घरातलं मूल घ्या. घरी आईशी, आजीशी तेलुगू. गल्लीत मराठी आणि हिंदी यांची सरमिसळ. शाळेत पुस्तकी मराठी. अक्कलकोट तालुक्यातलं मूल घरी कन्नड बोलतं आणि बाजारात मराठी. उर्दू शाळेतल्या मुलीला उर्दू, हिंदी, मराठी तिन्ही येतात, आणि शेजारी कानडी असेल तर तीही कळते. वयाच्या सातव्या वर्षी या मुलांच्या तोंडी तीन-तीन भाषा आहेत. कुणाच्या शिकवणीने? पुस्तक नाही, व्याकरण नाही. ऐकलं, बोलून पाहिलं, समोरच्याने समजून घेतलं, पुन्हा बोलले. ज्या मुलाने असं तीनदा केलंय, त्याला आपण चौथ्या भाषेसाठी 'कच्चा' म्हणतो. मला याचं फार वाईट वाटतं.

या भाषांचा उपयोगसुद्धा करता येतो. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांना शब्दाच्या शेवटी स्वर लावायची सवय असते, ती 'बस'ला 'बस्सु' म्हणतात. मराठी घरातलं मूल तिथे सहज बरोबर म्हणतं. उलट प्राणिसंग्रहालयाला 'झू' म्हणणारी आपली मराठी मुलं जिथे अडतात, तिथे उर्दू बोलणारी मुलगी पहिल्या फटक्यात नेमका उच्चार करते. तिला उभं करा, तिच्याकडून वर्गाला म्हणवून घ्या. फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. परदेशी माणसाच्या आवाजापेक्षा वर्गातल्या मैत्रिणीचा आवाज ऐकून मुलं लवकर धीर धरतात.

घरच्या भाषेचं महत्त्व ओळखणारं काम आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो पुस्तकावरचा क्यूआर कोड. माझ्या लक्षात राहिलं ते पुरस्काराच्या वेळी सांगितलं गेलेलं दुसरं कारण: मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तक त्या भाषेत नव्हतं, म्हणून त्यांनी पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत नेला आणि कोडमागे कविता, गोष्टी, व्हिडिओ ठेवले. आधी मुलाची अडचण, मग तंत्र. आज बालभारतीच्या पुस्तकांवर कोड छापलेले असतात, २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर ते उघडतात. उघडल्यावर जे मिळतं ते फक्त दाखवून थांबायचं की मुलाला बोलतं करायचं, हे मात्र कोड ठरवत नाही, आपण ठरवतो.

एक तास सविस्तर सांगते. त्याला लागतो एक साधा फोन आणि एक ब्लूटूथ स्पीकर. इंटरनेट लागत नाही.

सोलापूर स्टेशनवर जा आणि फलाटावरच्या घोषणा फोनवर रेकॉर्ड करा. तीच घोषणा मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत, एकापाठोपाठ. आशय तोच, भाषा तीन. भाषाशिक्षकाला यापेक्षा चांगलं साहित्य कोण देणार? आणि मुलांच्या कानावर ते जन्मापासून पडलेलं आहे. वर्गात आधी फक्त इंग्रजी भाग लावायचा. 'मे आय हॅव युअर अटेन्शन, प्लीज' म्हटलं की निम्मा वर्ग हसतो, कारण पुढचं त्यांना पाठ असतं. दुसऱ्यांदा लावायचं आणि विचारायचं, गाडीचा नंबर लिहा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा १२११६ हा आकडा इंग्रजीत एकेक अंक सुटा म्हणून येतो. मुलं लिहितात. तिसऱ्यांदा लावायचं: कुठून निघून कुठे जाणारी, कुठल्या फलाटावर? चार-चार जणांचे गट करून ऐकलेलं वाक्य जुळवायला सांगायचं. कुणाला सुरुवात आठवते, कुणाला शेवट. 'शॉर्टली' हा शब्द कुणीतरी पकडतं आणि त्याचा अर्थ सगळ्यांनाच आधीपासून कळलेला असतो, कारण ती घोषणा झाली की थोड्या वेळात गाडी येते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

इथवर ऐकणं झालं. खरं काम आता सुरू होतं. प्रत्येक गटाने आपली घोषणा करायची आणि फोनवर रेकॉर्ड करायची. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला निघाली आहे. मुंबईची वंदे भारत उशिरा सुटणार आहे, आणि का, ते तुम्हीच सांगा. पंढरपूरची एसटी तीन नंबरच्या फलाटाला लागली आहे. एका गटाने माझ्याकडे घोषणा केली होती की अमुक एका मुलाची आई डबा घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी आहे, त्याने त्वरित यावं. इंग्रजीतलं ते वाक्य व्याकरणाने थोडं वाकडं होतं, पण वर्गातल्या प्रत्येकाला कळलं आणि तो मुलगा उठून फाटकाकडे बघायला लागला. भाषेचं काम झालं की नाही? या तासात ६० जणांपैकी एकही मूल गप्प नव्हतं.

आता घरच्या अभ्यासाकडे येते. माझ्या मते आपल्या हातातलं सगळ्यात मोठं साधन म्हणजे व्हॉट्सॲपवरचं ते माइकचं चिन्ह. मी मुलांकडे एक मिनिटाचा ऑडिओ मागते. वाचून दाखवायचं नाही, स्वतःचं बोलायचं. विषय घरातला: आज काय शिजलं, गल्लीत सगळ्यात जास्त आवाज कुठे असतो, आजी तुला कशावरून रागावते. मूल रेकॉर्ड करतं, ऐकतं, नको वाटतं, पुसतं, पुन्हा करतं. आपल्यापर्यंत पोचतो तो शेवटचा एक मिनिट. पण त्याच्या आधी पुसून टाकलेले जे चार-पाच मिनिटं असतात ना, तिथे खरा सराव झालेला असतो. तो आपल्याला कधीच ऐकू येत नाही, आणि येऊही नये. तिथे हसायला कोणी नसतं. वर्गात चुकलं की मागून कुणीतरी फिदीफिदी हसतं आणि ते मूल पुढचे सहा महिने तोंड उघडत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तुम्ही म्हणाल, ६० ऑडिओ ऐकायचे कधी? रोज दहाच मागवायचे. सोमवार ते शनिवार सहा गट. दहा मिनिटांत ऐकून होतात. उत्तरही आवाजातच द्यायचं, अर्ध्या मिनिटाचं: काय आवडलं ते आधी, आणि सुधारणा एकच. एकाच वेळी सात चुका काढल्या की मूल पुढच्या आठवड्यात ऑडिओ पाठवत नाही.

पूर्व भागातली एक मुलगी. घराच्या खालच्या मजल्यावर यंत्रमाग. त्या खडखडाटात तिचा पहिला ऑडिओ आला तेव्हा मला मागाशिवाय काहीच ऐकू आलं नाही. मी तिला सांगितलं, गच्चीवर जाऊन बघ. पुढचा ऑडिओ आला तो एकदम स्वच्छ, पण गच्चीवरचा वाटेना. तिने त्यातच सांगितलं होतं: 'माय फादर स्टॉप द लूम फॉर वन मिनिट. ही इज आल्सो लिसनिंग.' वडिलांनी मुलीच्या एका मिनिटासाठी माग बंद ठेवला होता. ज्यांना टॉवेलच्या नगावर पैसे मिळतात त्यांच्या घरात माग थांबवणं म्हणजे काय, ते सोलापूरकरांना सांगायला नको. 'स्टॉप'चं 'स्टॉप्ड' मी त्या आठवड्यात दुरुस्त केलं नाही. पुढच्या आठवड्यात केलं, सगळ्या वर्गाला भूतकाळ शिकवताना, तिचं नाव न घेता.

या ऑडिओंबाबत एक पथ्य मात्र पाळा. मुलांचे आवाज मोठ्या ग्रुपवर टाकू नका. शिक्षकाच्या नंबरवर एकेकट्याने पाठवू द्या, आणि पालकांची संमती आधी घ्या. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहेच, पण कायदा नसता तरी हे केलंच पाहिजे. मुलीचा आवाज कुठल्या ग्रुपवरून कुठे गेला हे आपल्याला कळत नाही, आणि एकदा घरच्यांचा विश्वास उडाला की तिच्या हातातला फोन कायमचा जातो.

बोलून टाइप करणं, म्हणजे कीबोर्डवरचा माइक, हेही फुकटचं आणि हाताशी असलेलं साधन. भाषेच्या यादीतून भारतीय इंग्रजी निवडा. यात एक मेख आहे ती समजून घ्या. यंत्र नुसता आवाज ऐकत नाही, आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाजही बांधतं. त्यामुळे पूर्ण वाक्य बोललात तर उच्चार चुकला तरी ते बरोबर शब्द छापून मोकळं होतं, आणि मुलाला वाटतं आपलं बरोबर आहे. सुटा शब्द बोला, मग खरं कळतं. लिहायचं पेन आणि वेदना या अर्थाचं पेन, दोन्ही आपण एकसारखंच म्हणतो. मुलाला दोन्ही पाळीपाळीने म्हणू द्या आणि पडद्यावर काय उमटतं ते बघू द्या. बनियनसाठीचा शब्द आणि पश्चिम दिशा: एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आरसा आणि हा माइक, दोन्ही घेऊन बसलेली मुलं अर्धा तास हलत नाहीत.

पण यंत्राचं ऐकून मुलाला चूक ठरवायची घाई नको. लहान मुलांचे आवाज या यंत्रांना मोठ्यांच्या आवाजापेक्षा कमी कळतात. माझ्या वर्गात नियम आहे: तीन वर्गमित्रांना शब्द कळला आणि यंत्राला कळला नाही, तर यंत्र चुकलं. आपल्याला लंडनचे उच्चार करायचे नाहीत. हैदराबादच्या, कोलकात्याच्या, नैरोबीच्या माणसाला आपलं बोलणं कळलं पाहिजे, आणि त्यांचं आपल्याला.

वाचनासाठी दोन गोष्टी आवर्जून सांगते. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. मुक्त परवान्याच्या गोष्टी, सोप्यापासून अवघडपर्यंत पायऱ्या लावलेल्या, डाउनलोड करून छापता येणाऱ्या. सोलापूरसाठी त्याचं मोल असं की त्यातल्या कितीतरी गोष्टी इंग्रजीसोबत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दूतही मिळतात. मूल आपल्या घरच्या भाषेत गोष्ट आधी वाचतं, मग तीच इंग्रजीत. अर्थाचं ओझं उतरलेलं असतं, लक्ष फक्त शब्दांवर जातं. आणि घरी आजीला तेलुगूतून वाचून दाखवता येते, तेव्हा शाळेतली गोष्ट घरात शिरते. दुसरं, २०१९ साली भारतात 'बोलो' नावाने आलेलं आणि पुढे 'रीड अलाँग' झालेलं गूगलचं ॲप. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलेला शब्द म्हणून दाखवतं. गोष्टी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. ज्या घरी इंग्रजी वाचणारं कोणीच नाही, तिथे ऐकणारं कोणीतरी मिळालं, एवढं त्याचं काम, आणि ते काम ते चोख करतं.

व्हिडिओ बघायचे तर खाली इंग्रजीच अक्षरं लावा, हिंदी नकोत. ऐकतोय तेच डोळ्यांनी वाचतोय असं झालं की वाचन सुधारतं. अहमदाबादच्या आयआयएममध्ये असताना ब्रिज कोठारी यांनी टीव्हीवरच्या सिनेगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवून ही गोष्ट आपल्या देशात सिद्ध केली आहे. व्हिडिओचा वेग कमी करण्यापेक्षा मध्येमध्ये थांबवा. वेग कमी केला की शब्दांवरचा आघात बिघडतो, थांबवलं की मुलाला विचार करायला सवड मिळते. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी रेडिओने १९५९ साली सुमारे १५०० शब्दांत, संथ लयीत बातम्या सुरू केल्या तेव्हा निवेदक स्वतः जाणीवपूर्वक सावकाश बोलत. यंत्राने ताणलेला आवाज आणि माणसाने सावकाश म्हटलेलं वाक्य यांत पुष्कळ अंतर आहे.

आता चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल, कारण त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. २०२२च्या नोव्हेंबरात ते आलं आणि वर्षभरात निबंधाच्या वह्या एकसारख्या दिसायला लागल्या. बंदी घालून उपयोग नाही. लिहायचं ते वर्गात, हाताने, माझ्यासमोर, एवढं मी ठरवून टाकलं आहे. बाकी त्याचा उपयोग शिक्षक म्हणून मी भरपूर करते. धड्यातला परिच्छेद सोप्या शब्दांत करून घ्यायचा, एसटी स्टँडवर कंडक्टर आणि प्रवासी यांचा आठ ओळींचा संवाद मागायचा. संवाद छापून जोडीजोडीने म्हणवून घ्यायचा आणि तिसऱ्या वेळेला कागद काढून घ्यायचा.

मोठ्या मुलांसाठी मला सगळ्यात आवडलेला प्रकार असा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या आधी यंत्राला सांगते, सिद्धेश्वर यात्रेवर इंग्रजीत एक परिच्छेद लिही. ते झकास इंग्रजीत लिहितं आणि तपशिलात हमखास कुठेतरी घसरतं. तो परिच्छेद मुलांना द्यायचा आणि म्हणायचं, चुका काढा. मग बघा! नंदीध्वज सात असतात बाई. ६८ लिंगांना तैलाभिषेक असतो. अक्षता संमती कट्ट्यावर पडतात, होम मैदानावर नाही. ही माहिती त्यांच्याकडे आहे, यंत्राकडे नाही. आता ती इंग्रजीत सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि मुलं धडपडत सांगतात. जिला गॅदरिंगमध्येही कधी बोलताना ऐकलं नव्हतं अशा मुलीने वर्गापुढे येऊन काठ्यांची, म्हणजे नंदीध्वजांची मिरवणूक इंग्रजीत सांगितलेली मी ऐकली आहे. तिच्या घरचे त्या मानकऱ्यांपैकी. इंग्रजी आजवर तिच्याकडे कायम काहीतरी शिकवायला आलेलं होतं. त्या दिवशी तिने इंग्रजीला आपल्याकडचं काही दिलं.

वेळ संपत आलाय, प्रश्न घेऊ.

ज्या मुलांकडे फोनच नाही त्यांचं काय, असं मागून विचारलंय. पहिली गोष्ट, फोन घरात असतो पण तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री येतो. आल्यावर आधी भावाच्या हातात पडतो. मुलींच्या बाबतीत हे फार आहे आणि त्याबद्दल पालक सभेत नाव न घेता, पण स्पष्ट बोललं पाहिजे. मी पालकांना सांगते, रात्री पंधरा मिनिटं फोन मुलीचा. पंधरा मिनिटं कबूल करायला कोणी नाही म्हणत नाही. ज्यांच्याकडे खरोखरच नाही, त्यांच्यासाठी शाळेतला एक फोन, मधल्या सुट्टीत, व्हरांड्याच्या टोकाला. सेवानिवृत्त शिक्षकांनी, माजी विद्यार्थ्यांनी जुने फोन दिले तर सिमकार्डशिवायही रेकॉर्डिंग होतं, उतरवलेल्या गोष्टी वाचता येतात. शाळेला देणगी विचारणारे येतात ना? त्यांना पंखा मागण्याऐवजी चालू स्थितीतला जुना फोन मागा.

दुसरा प्रश्न, परीक्षा लेखी असते, मग बोलण्यावर एवढा वेळ का? दहावीला ८० गुणांचा पेपर असला तरी तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आहेत. ते आपण हजेरीपटावर भरून टाकतो, ही गोष्ट आपल्यातच राहू द्या पण यंदापासून बदलूया. मुलांचे वर्षभराचे ऑडिओ फोल्डरमध्ये ठेवा. जूनचा आणि फेब्रुवारीचा शेजारी ठेवून ऐका, गुण द्यायला वेगळी परीक्षा लागणार नाही. आणि बोलणारं मूल लेखी पेपरातही जास्त लिहितं, हे तुम्हाला वर्षाअखेर वह्यांत दिसेल.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, नाव नाही. वाचते: 'माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमात झालं, उच्चाराची भीती वाटते, वर्गात इंग्रजी बोलायला धजत नाही.' ज्यांनी लिहिलंय त्यांना सांगते, या सभागृहातल्या निम्म्याहून अधिक जणांची चिठ्ठी हीच असेल. आपल्यापैकी अनेकांना इंग्रजी पाचवीत भेटलं आणि २००० साली अचानक पहिलीला शिकवायला सांगितलं गेलं. तेव्हा आधी साधन स्वतःसाठी वापरा. उद्याच्या धड्यातले पाच शब्द आज रात्री फोनमधल्या शब्दकोशात ऐका, प्रत्येकी तीनदा, मोठ्याने म्हणत. वर्गात एखादा शब्द अडला तर लपवू नका, फोन काढा आणि मुलांसमोर ऐका, सगळ्यांनी मिळून म्हणा. आणि मुलांकडून जो एक मिनिटाचा ऑडिओ मागता, तो तुम्हीही करा, त्याच विषयावर, आणि त्यांना पाठवा. माझ्या घरी आज काय शिजलं ते मुलांना फार ऐकायचं असतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी इंग्रजीत कशी सांगायची हे आपल्यालाही जमवावंच लागतं. चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, माझा नंबर घ्या, आणि पहिला ऑडिओ मला पाठवा. मी ऐकीन आणि एकच सुधारणा सांगेन.